शेवटच्या गाण्यातले चार टक्

रेकॉर्ड हातात आली की मी आधी तिचा वास घेतो, गाणं नंतर. जुन्या रेकॉर्डला कपाटाचा, डांबरगोळ्यांचा, क्वचित घरातल्या फोडणीचा वास असतो. आणि जुनी म्हणून विकायला आणलेल्या नव्या रेकॉर्डला चहाचा वास येतो, कारण कव्हर पिवळं दिसावं म्हणून ते चहापत्तीच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं असतं. असं कव्हर आलं की मी समोरच्याला म्हणायचो, "भाई, इसमें शक्कर कम है." अर्धे लोक हसायचे, अर्धे मुकाट्याने कव्हर उचलून जिना उतरायचे.

आमच्या शहरातल्या कोठी या बाजारपेठेत, क्रमिक पुस्तकांच्या एका दुकानाच्या डोक्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत मी तीस वर्षं रेकॉर्डी विकल्या. मागच्या वर्षी दुकान बंद केलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "जाधव, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. एक गृहस्थ रेकॉर्ड सरळ आहे की वाकडी हे बघायला गवंड्याची पातळी-नळी घेऊन यायचे. एक बाई फक्त कव्हरं विकत मागायच्या, आत काय आहे ते तुम्हीच ठेवा म्हणायच्या. पण मला या गमती लिहायला बसवत नाही. त्या दुकानात बसून मी दोन निरपराध माणसांवर आळ घेतला. ते एकदा सांगून टाकतो.

आधी धंदा समजून घ्या. मूळ रेकॉर्ड कधीकाळी निघते, कंपनी बंद पडते, साचे भंगारात जातात. मग चाळीस-पन्नास वर्षांनी कुणीतरी तीच गाणी पुन्हा नव्या तबकडीवर छापतं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तसंच. आम्ही त्याला रिइश्यू म्हणतो. फरक इतकाच की पुस्तकाची नवी आवृत्ती घेणारा ती निदान उघडून बघतो. रिइश्यू घेणारे काही जण दोन घेतात, एक ऐकायला आणि एक प्लास्टिकच्या वेष्टणात तशीच ठेवायला. काळी घेतात, मग तीच लाल निघाली की लाल, मग पारदर्शक. ज्या वस्तूचं वेष्टणच फोडायचं नाही, तिच्यात पापड निघाले तरी यांना कळायचं नाही, असं मी म्हणत असे.

दुसरी गोष्ट. रेकॉर्डवर शेवटचं गाणं जिथे संपतं, तिथपासून मधल्या कागदी लेबलापर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो. तिथे गाणं नसतं. साच्याचा नंबर तिथे कोरलेला असतो, आणि आमच्यासारखे लोक भिंगातून सर्वांत आधी तोच बघतात. मी त्या पट्ट्यावर टाचणीच्या टोकाने बारीक 'ज' कोरायचो. ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. कारण दुकान सुरू केलं त्याच वर्षी एका सभ्य माणसाने माझ्याकडून कोरी करकरीत रेकॉर्ड नेली आणि दुसऱ्या दिवशी, "आवाज नीट नाही" म्हणून त्याच कव्हरात घरची घासलेली घालून परत दिली. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

ही युक्ती माझी नव्हे, माझ्या आईची. अंबरपेठेत आमच्या घरी एकही वाटी नावाशिवाय नव्हती. लग्नामुंजीत आलेलं भांडं असो की हौसेने घेतलेलं, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातल्याशिवाय ते फळीवर चढत नसे. शेजारणीकडे कढी गेली आणि वाटी परत आली की आई आधी ती उलटी करून नाव बघायची, मग शेजारणीला "बसा" म्हणायची. मी जन्मभर तेच केलं, वाटीऐवजी रेकॉर्ड उलटी केली.

आता पहिला आळ. अनिकेत सोमण हा मूळचा पुण्याचा, इथे कोंडापूरला राहणारा, कॉम्प्युटरवाला मुलगा. मुलगा म्हणजे पस्तिशीचा. त्याला मिस आयव्हीचं वेड होतं. मिस आयव्ही ही सिकंदराबादची गायिका. तरुणपणी हॉटेलांतून पॉप गाणी म्हणायची, अर्धी हिंदी अर्धी इंग्रजी. तिच्या तीन रेकॉर्डी निघाल्या होत्या. आमच्या शहराबाहेर तिला कुणी विचारत नव्हतं. मग परदेशातल्या एका छोट्या कंपनीला ती सापडली आणि तिच्या रिइश्यू काही वर्षांच्या अंतराने एकेक निघू लागल्या. पहिल्या दोन अनिकेतने माझ्याकडून नेल्या, अर्थात दोन-दोन प्रती. तिसरीची तो वर्षभर वाट बघत होता. ती आली तेव्हा मिस आयव्हीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

तिसरी नेली आणि आठवड्याने परत आला. दोन्ही प्रती घेऊन.

"काका, यात काहीतरी डिफेक्ट आहे. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. एंडला टकटक येतंय."

मी रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली. ओरखडा दिसला नाही. बंद वेष्टणातल्या रेकॉर्डवर 'ज' कोरता येत नाही, त्यामुळे असली गिऱ्हाइकं मला मुळातच अर्धवट पटायची. ही माझ्याच दुकानातली कशावरून?

"नव्या रेकॉर्डला टकटक येत नसते," मी म्हणालो. "तुमची सुई बोथट झाली असेल. सुईने केलं."

"मलाही तेच वाटलं. म्हणून मी दुसरी फोडली. तिच्यातही सेम."

सील न फोडण्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसाने ठेवणीतली प्रत फोडली, यावरून मला कळायला हवं होतं. पण संशयाला एकदा वाट मिळाली की तो बैलासारखा सरळ चालतो. मी म्हणालो, "मग एकाच सुईने दोन्ही खराब केल्यात."

"एकाच जागी? काका, लॉजिकली बघा ना."

"लॉजिक मला नका शिकवू. घरी खराब करायच्या आणि इथे येऊन बदलून मागायच्या, असे खूप बघितलेत मी."

दुकानात आणखी दोघे होते. त्यांनी कव्हरं चाळायचं थांबवलं. अनिकेतचा चेहरा लाल झाला. त्याने दोन्ही रेकॉर्डी काउंटरवर ठेवल्या, "राहू देत तुमच्याकडेच" म्हणाला आणि निघून गेला. मी त्या दोघांकडे बघून भुवया उडवल्या. कसा पकडला, अशा थाटात. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तो खोटा आहे हे स्वतःला दाखवून द्यावं म्हणून, मी न विकलेली तिसरी प्रत फोडली आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावलं. मिस आयव्ही शेवटचा सूर लांबवते, मागे तालवाद्यं चालू असतात. आणि त्या सुरात आले. टक्. टक्. मग एक दबका. मग पुन्हा ठळक टक्.

मी खुर्चीत बसलो. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेरे घेते. गाण्याच्या शेजारशेजारच्या चार रेघांवर आडवा ओरखडा गेला, तर दर फेऱ्याला एक, असे चार टक् येतात. पण तिसरा दबका का, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तिथे टाचणी जरा उडाली होती.

टाचणी माझी होती.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या परदेशी कंपनीचा माणूस मिस आयव्हीच्या घरी आला होता. मूळ टेपा कुठेच उरल्या नव्हत्या, तेव्हा चांगल्यातली चांगली जुनी रेकॉर्ड घेऊन तिच्यावरूनच नवी बनवायची, असं ठरलं. तिसऱ्या रेकॉर्डची धड प्रत एकच होती, तिची स्वतःची. काचेच्या कपाटात ठेवलेली. तिने ती माझ्याकडे धुवायला पाठवली. कंपनीचा माणूस चार दिवसांनी न्यायला येणार होता.

मी ती धुतली, वाळवली. आणि मनात आलं, हा परदेशी माणूस ही नेईल आणि परत देताना भलतीच देईल. म्हाताऱ्या बाईला काय कळणार? रेकॉर्ड माझी नव्हती. तिच्यावर माझं नाव घालायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण मी तिचं भलं करतो आहे, अशी स्वतःची समजूत घालून टाचणी घेतली. 'ज'ची गोलाई झाली, उभा दांडा ओढताना हात सटकला. टाचणी गुळगुळीत पट्टा ओलांडून गाण्यात शिरली. चार रेघा.

(कंपनीचा माणूस प्रामाणिक निघाला, हे सांगायला हवं. तीच रेकॉर्ड त्याने जशीच्या तशी परत केली.)

रिक्षाने सिकंदराबादला जाईपर्यंत मी खरं सांगायचं ठरवत होतो. मिस आयव्हीने रेकॉर्ड खिडकीपाशी नेली, तिरकी केली आणि तिला ती रेघ दिसली.

"ये क्या है, जाधव?"

मी म्हणालो, "पहले से था मॅडम. साफ किया तो दिखा. घर में किसीकी अंगूठी लगी होगी."

त्याच वेळी तिची धाकटी बहीण डॉली चहा घेऊन आत आली. दोघी बहिणी एकत्र राहायच्या, दोघी अविवाहित. घर डॉली बघायची आणि कपाट पुसायचं कामही तिचंच. तिच्या उजव्या हातात आईची अंगठी होती, खड्याची.  मिस आयव्हीने ट्रेवरच्या त्या हाताकडे बघितलं. मला दोन कप चहा आणि केकचा तुकडा मिळाला, आणि तो मी खाल्लासुद्धा.

पुढे एकदा गेलो तेव्हा कपाटाला कुलूप होतं. डॉलीने हसत सांगितलं, "अब मेरेकू हात नहीं लगाने देती आयव्ही. चाबी गले में डालके सोती." मीही हसलो. त्यानंतर मी त्या घरी जाणं कमी केलं, आणि गिऱ्हाइकांमुळे वेळ मिळत नाही असं स्वतःला सांगत राहिलो.

ते टक् ऐकले त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेलो आणि बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ती शेवग्याच्या शेंगा चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "नाव घालायच्या नादात भांड्यालाच भोक पाडलंत की." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि शेजारणीला चोर ठरवलं."

आधी अनिकेतकडे गेलो. ते सोपं होतं म्हणून आधी, हेही कबूल करतो. कोंडापूरच्या बाविसाव्या मजल्यावर, त्याच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. त्याने आत बोलावलं, पाणी दिलं. तो रागावला नव्हता, पण पूर्वीसारखं हसतही नव्हता.

"पण काका, कंपनीने रिमूव्ह का नाही केलं? हल्ली असले क्लिक्स आरामात काढतात."

मग त्यानेच गाणं लावून बोटांनी टेबलावर ताल धरला. गाण्याची लय अशी होती की रेकॉर्डच्या एका फेऱ्यात नेमक्या चार मात्रा बसत. त्यामुळे माझा प्रत्येक टक् बरोबर समेवर पडत होता. तिकडच्या माणसाला वाटलं असणार की कुणीतरी लाकडी टिपऱ्या वाजवतंय. माझी चूक इतकी तालात होती की त्याने ती वाद्य समजून सांभाळून ठेवली. जगभर जेवढ्या प्रती गेल्या, तेवढ्यांत ती गेली.

मी त्याच्या दोन्ही रेकॉर्डी परत दिल्या. त्या घेताना त्याने विचारलं, "त्या डॉलीबाईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय करताय?"

 मी लिफ्टने खाली आलो.

डॉलीने दार उघडलं तेव्हा मला ओळखायला तिला वेळ लागला. ऐंशीच्या घरात आली होती. एकटीच राहते. कपाट होतं तिथेच होतं, कुलूपही तसंच. तिने चहा आणायला आत जाऊ नये म्हणून मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. वो लकीर मैंने डाली थी. अंगूठी से नहीं, मेरी पिन से. झूठ बोला था मैं.

 डॉली माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "नक्को जाधव. तुम अच्छे आदमी हैं. मैं बुड्ढी हो गई, अकेली हूं, तो तसल्ली देने आए."

"नहीं मॅडम, सच बोल रहा हूं."

"मेरेकू याद है ना. मैं ईस्टर की सफाई कर रही थी, रिकॉर्ड बाहर निकाली, अंगूठी लगी. आवाज भी आई थी. मैं डर के वापस रख दी." ती हे अगदी शांतपणे सांगत होती. "चर्च में जाके माफी भी मांगी मैं. आयव्ही जाने से पहले उससे भी मांगी. वो बोली, इट्स ओके डॉली. लेकिन चाबी नहीं दी."

 आपल्यावर आळ आला म्हणून रागावलेलं माणूस मला माहीत होतं, अनिकेत तसाच होता. पण आळ इतका मुकाट्याने पत्करला की आपल्या हातून तसं घडल्याचं आठवूही लागलं, असं माणूस माझ्या समोर पहिल्यांदा उभं होतं. जे कधी घडलंच नाही ते तिला आवाजासकट आठवत होतं. आणि खरं सांगणाऱ्या माझ्याकडे ती, खोट्या रेकॉर्डकडे मी बघायचो तशी, प्रेमाने पण संशयाने बघत होती.

"अलमारी खोलो," मी म्हणालो. "दिखाता हूं."

"नक्को. मैं नहीं छूती."

"आयव्ही मॅडम के जाने के बाद भी नहीं?"

तिने मान हलवली. किल्ली येशूच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगलेली होती. बहिणीच्या गळ्यातून काढून तिने ती तिथे लावली होती, आणि तेव्हापासून कपाट ती बाहेरूनच पुसत होती.

मी किल्ली काढून तिच्या हातात दिली. माझ्या हाताने उघडायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने कुलूप उघडलं, रेकॉर्ड बाहेर काढली, कडेला तळवे लावून, कशी धरावी ते न विसरता. मी खिशातून भिंग दिलं आणि गुळगुळीत पट्ट्यावर जागा दाखवली.

"इधर देखो. कुछ लिखा है?"

"कुछ है. छोटा. हिंदी का अक्षर है क्या?"

"ज. जाधव का ज. अब उसकी डंडी देखो, कहां तक जाती है."

ती भिंग सरकवत गेली. 'ज'चा दांडा पट्ट्यातून वर निघतो, थांबत नाही, तसाच गाण्यात शिरतो. मध्ये एका ठिकाणी तुटतो आणि पुन्हा लागतो. नाव आणि ओरखडा एकच रेघ आहे. भांडं कुणाचं ते ओळखावं म्हणून घातलेलं नाव त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडलं.

तिने भिंग खाली ठेवलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आयव्ही को बोलना था तुम."

"हौ," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती आता ऐकायला नव्हती.

डॉली आतल्या खोलीत गेली. खण उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर कापसात गुंडाळलेली अंगठी होती. त्या चहाच्या दिवशी काढली, ती पुन्हा घातलीच नव्हती म्हणाली. ती खुर्चीत बसली आणि बोटात घालू लागली. सांधे सुजलेले. अंगठी पेरापर्यंत गेली आणि अडली. तिने फिरवून बघितली, पुन्हा ढकलली. मी तिच्याकडे बघत उभा होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

"ठैरो," ती म्हणाली, आणि साबण लावायला मोरीत गेली.